दोन टोल्यांच्या मध्ये

फादर बेनेडिक्ट यांचा राखेने माखलेला अंगठा आईच्या कपाळापाशी आला आणि तिथेच थांबला.

राखेचा बुधवार होता, इस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. तोवर रांग भराभर पुढे सरकत होती. फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेचा क्रूस ओढायचे आणि तेच वाक्य म्हणायचे, की माणसा, मातीतून आलास आणि मातीतच जाणार आहेस, हे विसरू नकोस. माझ्या पुढे आई होती आणि आईच्या पुढे आमची शेजारीण कौसाबाई. कौसाबाईला त्यांनी हे वाक्य चांगलं खणखणीत ऐकवलं. आईपाशी आले आणि ते वाक्य सुरूच झालं नाही.

कारण मला माहीत होतं. आठवड्यापूर्वी आम्ही तिला मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं. तिच्या पोटात गाठ होती आणि ती आता काढण्यासारखी राहिली नव्हती. तिथल्या डॉक्टर सिस्टरने माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, बाजूला घेऊन सांगितलं होतं की या बाई पावसाळा बघतील असं वाटत नाही. दादांनी ते मला सांगितलं आणि फादरांना सांगितलं. आईला सांगायचं धाडस आम्हा कोणातच नव्हतं.

"म्हना की फादर," आई म्हणाली. "थांबला का?"

"सगुणाबाई..."

"सगळ्यांना म्हनलात, मला तेवढं गाळू नका. मला ठावं हाय ते."

फादर तरुण होते, वसईकडचे, आमच्या गावात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी अंगठा टेकवला, क्रूस ओढला आणि ते वाक्य इतक्या हळू म्हटलं की मला ते नीट ऐकूही आलं नाही. आईने मात्र मान हलवली. भाजीत मीठ बरोबर पडलंय असं कोणी सांगितल्यावर ती जशी मान हलवायची, अगदी तशी.

बाहेर आल्यावर मी तिचा दंड धरला. "तुला कोणी सांगितलं?"

"कोनी न्हाई. त्या सिस्टरनं गोळ्या लिहून दिल्या न्हाईत, नुसता हात धरला. तवाच कळलं." मग ती व्हरांड्यात उभी राहून वर बघत राहिली. वर घंटा होती.

आमचं लोणसरवाडी म्हणजे प्रवरेच्या कालव्यावरचं लहानसं गाव. चर्च दगडी, आणि त्याच्या दारालगत घंटेचा मनोरा. मनोऱ्याच्या तळाशी एक खोली, तिच्या छतातल्या भोकातून जाड दोरी खाली लोंबायची. त्या खोलीला लागून आमचं घर. दादा चर्चची झाडलोट करायचे, दिवाबत्ती करायचे आणि घंटा वाजवायचे. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी तेच केलं होतं. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या घराघरांतून गोळा करून त्यांची राख करायची, तेही काम दादांचंच. त्या दिवशी आईच्या कपाळावर होती ती राख दादांनीच चाळली होती. चाळताना ते रडत होते, हे मी बघितलं होतं आणि बघितलं नाही असं दाखवलं होतं.

घंटेबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे सणाची घंटा वेगळी आणि मयताची वेगळी. सणाची घंटा म्हणजे एकावर एक, श्वास न घेता. मयताची म्हणजे एक टोला, मग घंटावाल्याने मनातल्या मनात 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायची, आणि मग दुसरा टोला. दोन टोल्यांच्या मधलं अंतर ते एवढं. पंचक्रोशीतल्या कुठल्याही जातीच्या माणसाला ते अंतर कळायचं. वावरात काम करणारा माणूस पहिल्या टोल्याला थांबायचा, आणि दुसरा लवकर आला नाही की टोपी काढायचा. ही मयताची घंटा वाजवायला जास्त अवघड, असं दादा नेहमी सांगायचे. एकदा ओढली की घंटा आपणहून परत बोलायला बघते. दोरी घट्ट आवरून तिला गप्प ठेवावं लागतं.

त्या दिवशी दुपारी जेवताना नेहमीची चर्चा निघाली. उपवासकाळात कोण काय सोडणार?

"मी तंबाखू," दादा म्हणाले.

"ती तुमी दरसाली सोडता," आई म्हणाली, "आन् तिसऱ्या हप्त्याला गोठ्यामागं जाऊन परत धरता."

मी चहा सोडते म्हटलं. तेव्हा मी अध्यापिका विद्यालयाची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसले होते, आणि चहा सोडणं हा मला फार मोठा त्याग वाटत होता.

"आन् तू गं?" दादांनी आईला विचारलं. विचारलं आणि लगेच त्यांची मान खाली गेली. तिने आणखी काय सोडायचं?

"मी काय सोडनार न्हाई," आई म्हणाली. "मला जे सोडायचंय ते आपोआप सुटनार हाय. मी औंदा धरनार."

"काय?"

"दोरी. इस्टरची घंटा मी वाजवनार."

दादांचा घास हातातच राहिला. "येडी का खुळी तू? बाईमानसानं आजवर दोरीला हात लावला न्हाई."

"घंटेला कळतं व्हय, कोन ओढतंय ते?"

"तुझ्यात पानी भरायचं बळ न्हाई."

"म्हनूनच आजपासून शिकीन म्हनते. इस्टरला येळ हाय अजून. माझ्याकडं तेवढा असला म्हंजी झालं."

दादा ताट तसंच ठेवून फादरांकडे गेले. मला वाटतं, फादर नाही म्हणतील आणि प्रश्न मिटेल अशी त्यांना आशा होती. फादर त्यांच्याबरोबर आमच्या घरी आले, चुलीपाशी पाटावर बसले आणि त्यांनी आईला एकच विचारलं, "का वाजवायची आहे, सगुणाबाई?"

"ते इस्टरला सांगीन."

"तुमच्या जिवाला त्रास होईल."

"जिवाला त्रास व्हायचाच हाय फादर. निदान कायतरी करताना व्हऊ द्या."

फादर म्हणाले, "बाईने घंटा वाजवू नये असं मला कुठं वाचल्याचं आठवत नाही. इस्टरला तुम्हीच वाजवा." ते पुढे काहीतरी म्हणणार होते आणि गप्प झाले.

"तवर ऱ्हाईले तर," आईनेच वाक्य पुरं केलं. "तुमी अर्धं सोडायची सवय मोडा बरं का फादर. मानसांना त्रास होतो."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालं की दादा मनोऱ्यावर चढायचे आणि घंटेच्या लोलकाला गोणपाट गुंडाळायचे. खाली आई दोरी धरायची. मी दारात बसायचे, कोणी आलं तर सांगायला. कारण गावाला कळू द्यायचं नाही असं तिने बजावलं होतं.

पहिल्या दिवशी तिने जीव खाऊन ओढलं आणि घंटा तसूभरही हलली नाही. ती दोरीला नुसती लोंबकळली. मला रडू यायला लागलं, आणि ती हसायला लागली.

"हातानं न्हाई," दादा वरून ओरडले. "अंगानं. गुडघे मोड. पानी शेंदते तशी."

"आसं सांगा की मग! शेंदायचं मला येतं."

आठवड्याभरात घंटा हलली. तो दिवस मी कधी विसरणार नाही. मी अंगणात उभं राहून वर बघत होते. एवढी मोठी काळीभोर घंटा निळ्या आभाळात इकडून तिकडे झुलत होती आणि आवाज अजिबात नव्हता. फक्त आतल्या गोणपाटाचे धपधप ठोके, तेही कान देऊन ऐकले तरच. आणि खाली माझी मरायला टेकलेली आई, पदर खोचून, घामाने भिजलेली, श्वास न घेता सणाची घंटा वाजवत होती. मी आईला तोवर कधीच नीट बघितलं नव्हतं असं मला वाटलं.

ते सगळे दिवस घरात दुखणं होतं, पण दुखणाईत कोणी नव्हतं. सकाळी तिला उलटी व्हायची, मग ती तोंड धुऊन खुराड्यात कोंबडी बसवायला जायची. संध्याकाळी कालव्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसायची. मला म्हणायची, "बघ, मासे चावतेत पायाला. गुदगुल्या करतेत मेले." मी म्हणायचे, घरी चल, गारठा बाधेल. ती म्हणायची, "बाधून आता काय करनार हाय?"

कौसाबाईशी तिचं भांडण मात्र चालूच होतं. दोघींची घरं भिंतीला भिंत लावून, आणि कोंबड्यांना भिंत कळत नाही. कोणाचं अंडं कोणाच्या खुराड्यात, यावरून वर्षानुवर्षं चाललेलं ते भांडण. उपवासकाळात लोक रुसवे मिटवतात, म्हणून मीच एकदा सुचवलं की आता तरी मिटवून टाक.

"कशाला? ती सकाळी दोन शब्द बोलली की मला जेवन जातं," आई म्हणाली. "आन् आता मिटवलं तर तिला कळंल की मी मरायला लागले. मग ती रडत बसंल. आसू दे."

पण कौसाबाईला कळलेलंच होतं. अख्ख्या गावाला कळलेलं होतं. ती फक्त आधीपेक्षा जास्त मोठ्याने भांडायची.

एकदा सरावानंतर आई भिंतीला पाठ टेकून बसली होती. तिचे तळहात सोलवटले होते आणि मी त्यांना तेल लावत होते. मी विचारलं, "आई, भीती वाटते का गं तुला?"

"वाटती की. लई वाटती." तिने तळहात माझ्याकडे तसाच ठेवला. "मरनाची म्हनशील तर तेवढी न्हाई. देवाकडं जायचंय, तिथं तुझी आजी हाय, तुझा ल्हानगा भाऊ अंतोन हाय. पर दुसऱ्या एका गोष्टीची वाटती. ल्हान लेकरावानी वाटती."

"कशाची?"

"इस्टरला सांगीन." आणि मग तिने हात सोडवून घेतला. "पुरं कर. तेल संपीवशील समदं."

इस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, ती पडली. मिरवणूक चर्चच्या दाराशी आली होती, लोक गात होते, आणि आई हातातल्या झावळीसकट खाली बसली ती उठलीच नाही. चौघांनी तिला बाजेवर घालून घरी आणलं. त्या रात्री तिला ताप भरला, सकाळी फादरांनी येऊन तिला मरणाच्या दारातल्या माणसाला लावतात ते आजाऱ्यांचं तेल लावलं. तिने डोळे उघडून त्यांना बघितलं आणि म्हणाली, "घाई करू नका."

गुरुवारी संध्याकाळच्या उपासनेनंतर दादांनी रीतीप्रमाणे दोरी वर गुंडाळून खुंटीला बांधली. त्या संध्याकाळपासून इस्टरपर्यंत आमच्याकडे घंटा वाजत नाही. प्रभू मरणात असताना तीही मुकी. कोणी मेलं तरी वाजत नाही. घरोघर जाऊन निरोप द्यावा लागतो. दादा दोरी बांधून घरी आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"आता हिनं या दोन दिसांत डोळे मिटले," ते मला हळूच म्हणाले, "तर माझ्या हातानं तिच्यासाठी एक टोलाबी पडायचा न्हाई."

"ऐकू येतंय मला," आई आतून म्हणाली. "न्हाई मिटत."

गुड फ्रायडेला क्रूसाच्या वाटेची मिरवणूक आमच्या अंगणावरून गेली. ती बाजेवर पडून ऐकत होती. शनिवारी दुपारी तिने तांदळाची पेज मागितली आणि वाटीभर प्यायली. मग म्हणाली, "उंद्या पहाटं मला त्या खोलीत न्या. खुर्ची ठिवा एक."

दादा म्हणाले, "सगुणे, नको. मी वाजवतो, तू बाजंवरून ऐक. तुझ्याच नावानं वाजवतो."

"माझ्या नावानं तुमी नंतर वाजवनारच हाय," ती म्हणाली. "ती मला कुठं ऐकू येनार?"

हे वाक्य मी ऐकलं होतं. तरी मला काही कळलं नाही.

आमच्याकडे पुनरुत्थानाची उपासना पहाटे असते, कारण लांबच्या वस्त्यांवरून माणसं बैलगाड्यांनी येतात. झुंजुमुंजू होत होतं. बाहेर नवा विस्तव पेटवून, मोठी मेणबत्ती लावून सगळे आत गेले, तेव्हा दादांनी आईला उचलून घंटेच्या खोलीत आणलं. तिचं वजन एखाद्या पोरीएवढं झालं होतं. दार आम्ही अर्धं लोटून घेतलं. आम्ही तिथे आहोत हे फक्त फादरांना ठाऊक होतं. अर्ध्या दारातून मला दिसत होतं, बायकांच्या बाकावर तिची नेहमीची जागा रिकामी होती आणि सगळ्या जणी त्या जागेकडे बघत होत्या. कौसाबाई उपासनेला आलीच नव्हती. आदल्या दिवशी आईची विचारपूस करायला म्हणून ती आली आणि अंड्यांवरून भांडून गेली होती, आणि मग रागाने म्हणाली होती की मी काय येत नाही उद्या.

फादरांनी गौरवाचं गीत सुरू केलं की घंटा वाजवायची. गीत सुरू झालं. पेटी वाजली, ढोलकी वाजली. आई खुर्चीतून उठली, दोरीला दोन्ही हात घातले, गुडघे मोडले आणि ओढलं.

टोला पडला. तीन रात्रींच्या मुकेपणानंतरचा तो आवाज भिंतींतून आमच्या छातीत आला.

पण दुसरा आला नाही.

मी तिच्याकडे बघितलं. ती दोरी धरून उभी होती, डोळे मिटलेले. बळ संपलं, मला वाटलं. एवढी शिकली आणि एकाच टोल्यात संपली. आत गाणं अडखळलं. पेटी थांबली. दादा पुढे झाले, "सोड, सगुणे, सोड आता," म्हणत त्यांनी हात पुढे केला.

आईने डोळे न उघडता मान हलवली. तेव्हा मला दिसलं. दोरी तिच्या मुठीत घट्ट आवळलेली होती, दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. घंटा परत बोलू बघत होती आणि आई तिला बोलू देत नव्हती. आणि तिचे ओठ हलत होते. ती 'हे आमच्या बापा' म्हणत होती, पहिल्यापासून, सावकाश, एकही शब्द न गाळता.

ती शेवटाला आली, आमेन म्हणाली, आणि दुसरा टोला टाकला.

दादांचा पुढे आलेला हात तसाच हवेत राहिला. तिसरा टोला पडेपर्यंत ते तिच्याकडे बघत होते, आणि मग तेही तिच्याबरोबर पुटपुटायला लागले. मी माझे गुडघे टेकले की ते आपोआप टेकले गेले, मला सांगता येणार नाही. मला एवढंच समजत होतं की माझी आई स्वतःच्या मयताची घंटा स्वतःच्या हाताने वाजवते आहे आणि कान देऊन ऐकते आहे.

आत गाणं पूर्ण थांबलं होतं. "गेली सगुणाबाई," असं कोणीतरी मोठ्याने म्हणालं आणि एकदम हुंदके फुटले. बाक सरकल्याचा आवाज झाला. बाहेर पायवाटांवर माणसं पळताना ऐकू यायला लागली. उपासनेला न आलेली माणसं, पाटलांच्या वस्तीवरची माणसं, ऊसतोडीची माणसं, सगळी टोले ऐकून आमच्या घराकडे धावत होती. घर रिकामं बघून ती मनोऱ्याकडे वळली.

दार पहिल्यांदा ढकललं ते कौसाबाईने. अनवाणी, केस मोकळे, डोळे सुजलेले, छातीशी एक नवं कोरं हिरवं लुगडं धरलेलं. आमच्यात जवळची बाई गेली की अंगावर घालायला लुगडं नेतात, तसं ती घेऊन आली होती. म्हणजे ते तिने आधीच घेऊन ठेवलं होतं. आईला खुर्चीसमोर उभं बघून तिच्या तोंडातून किंकाळी आली.

"ओरडू नगं," आई म्हणाली. आवाज अगदी बारीक, पण तोच. "मी हाय."

"मेलीस न्हाईस व्हय गं तू?"

"अजून न्हाई."

"मग घंटा कोनाची वाजली?"

"माझी."

कौसाबाई भिंतीला टेकली. तिच्या मागे दारात माणसांवर माणसं जमली होती आणि सगळ्यांत मागून फादर बेनेडिक्ट, पांढऱ्या सोनेरी झग्यात, वाट काढत येत होते. प्रेत बघायला धावत आलेली ती माणसं, पहाटेच्या उजेडात उभी, जिवंत बाईकडे बघत होती. काहींनी टोप्या काढल्या होत्या त्या हातातच राहिल्या होत्या. म्हातारे योहानबाबा क्रूसाची खूण करत होते.

"सगुणाबाई," फादर म्हणाले, "इस्टर आलं. आता सांगा."

आई खुर्चीत बसली, पण दोरी तिने सोडली नाही.

"फादर, मी या भिंतीपलीकडं सारा संसार केला. ही घंटा वाजली की मी हातातलं काम टाकायची आन् मनात म्हनायची, आज याची, उंद्या त्याची, एक दिस माझी. दर टोल्याला भ्या वाटायचं. रात्री झोपंतबी वाजायची ती माझ्या कानात. मला वाटायचं, माझ्या टायमाला ती कशी वाजंल? आन् मी तर ऐकायला नसनार. म्हनलं, एकदा ऐकून घ्यावी. आपल्याच हातानं."

"मग?" फादरांचा आवाज त्या राखेच्या बुधवारसारखाच झाला होता.

"ऐकली." ती हसली. "नुसती घंटाच हाय ती. मधी बापाला हाक मारायला जागा ठिवलेली हाय. दुसरं काय न्हाई त्याच्यात. एवढ्याला भ्यायले मी जलमभर."

मग तिने कौसाबाईकडे बघितलं. "आन् ते लुगडं आनलंयस तर दे हिकडं. नेसते."

पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही. बहुतेक पाटलांच्या घरची म्हातारी. पण ते हसू एकदम सगळ्या माणसांतून पसरलं, आणि त्यातच रडू, आणि कौसाबाई तर लुगडं आईच्या मांडीवर टाकून तिच्या पायांना मिठी मारून शिव्या देत होती, एकेक ठेवणीतली. फादर डोळे पुसत म्हणाले, "आता सणाची वाजवा."

आई उठली. दादांनी तिच्या हातांच्या वर आपले हात घातले, तिने खाली धरलं, आणि दोघांनी मिळून ओढलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती दोघं एकाच दोरीला तेव्हा पहिल्यांदा लागली. घंटा सुटली ती थांबेना. एकावर एक, एकावर एक, श्वास न घेता. आत पेटीवाल्याने गौरवाचं गीत अर्ध्यावरून नव्हे, पहिल्यापासून सुरू केलं आणि आलेली सगळी माणसं, कुठल्या देवाची का असेनात, आत जाऊन उभी राहिली. आमच्या चर्चमध्ये तेवढी गर्दी मी परत कधी बघितली नाही.

त्यानंतर आई आम्हाला मिळाली ती जूनपर्यंत. हिरवं लुगडं ती सारखं नेसायची, चुलीपाशी आणि कालव्यावरसुद्धा. कौसाबाई म्हणायची, "मयताला घेतलं व्हतं, वाया घालवलंस," आणि आई म्हणायची, "फाटंपरेंत नेसनार. तुझ्या पैशाचं वसूल करते." कोंबड्या भिंत ओलांडत राहिल्या.

ती गेली ती एका दुपारी, दादांना आणि मला बाजेशी बसवून, पाणी पिऊन. दादांनी तिचे डोळे मिटले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि घंटेच्या खोलीत गेले.

टोला पडला. मी तिचा हात धरून 'हे आमच्या बापा' म्हणायला लागले. दादाही पलीकडे तेच म्हणत असणार. दुसरा टोला बरोबर आमेनला पडला.

कौसाबाई धावत आली, पण आमच्या घरात शिरली नाही. दारावरून तशीच पुढे गेली आणि आधी घंटेच्या खोलीचं दार ढकललं. मला तिथून ते सगळं ऐकू येत होतं. दार उघडल्याचा आवाज झाला, मग काहीच नाही. दोरीशी एकटे दादाच होते.

मग ती सावकाश परत आली. आईच्या उशाशी बसली, हिरव्या लुगड्याचा पदर सारखा केला, आणि माझ्या हातावर हात ठेवला. बाहेर तिसरा टोला पडला.

"रडू नगं," कौसाबाई म्हणाली. ती स्वतः रडत होती. "नुसती घंटाच हाय ती. म्हन माझ्यासंगं."

आणि चौथा टोला पडेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून बापाला हाक मारली.